परार्ध आणि एक्केचाळीस

मावशी ओट्यावर जेवायला बसली होती. समोर पितळी ताट, ताटात ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. शेजारची शेळी कधी पायऱ्या चढून आली ते कुणालाच कळलं नाही. तिनं अख्खी भाकर उचलली, पण पळाली नाही. तिथंच उभी राहून चावत राहिली. मावशी चिडली. "काहून वं, घरी काई भेटत नाई का तुले?" शेळीनं चावणं थांबवलं, मान तिरकी केली, मावशीकडं नीट पाहिलं, आणि पुन्हा चावायला लागली. मी मोबाइल काढून एवढंच टिपलं. 27 सेकंदं.

हे पिपरी मेघेतलं. वर्धा शहर जिथं संपल्यासारखं वाटतं आणि संपत नाही, तिथं हे गाव आहे. 'मेघे' हा शब्द इथं गावांमागं आडनावासारखा लागतो: सावंगी मेघे, बोरगाव मेघे, सिंदी मेघे, पिपरी मेघे. मी ती चित्रफीत घरच्या ग्रुपवर टाकली. पाच मिनिटांत पहिलं उत्तर आलं, दहा मिनिटांत दुसऱ्या गावच्या मामेभावानं ती त्याच्या मित्रांना पाठवल्याचं कळवलं. मावशी दोन खोल्यांपलीकडून विचारत होती, "कायले हासून रायले रे सारे? मले बी दाखवा ना." त्या रात्री मी कागद-पेन घेऊन बसलो. ही 27 सेकंदं किती मोठ्या गर्दीत जाऊन पडली आहेत, ते मला मोजून पाहायचं होतं. मोजत गेलो तशी झोप उडत गेली.

सुरुवात सोप्या आकड्यानं करतो. यूट्यूबवर दर मिनिटाला 500 तासांपेक्षा जास्त चित्रण चढतं, असा कंपनीनं 2019 पासून सांगितलेला आकडा आहे. म्हणजे शेळी भाकर चावत होती त्या 27 सेकंदांत तिथं 225 तासांचं नवं चित्रण जमा झालं. नऊ दिवस आणि नऊ तास न झोपता बसलं तर तेवढं पाहून होईल. एका दिवसाचा हिशेब 7 लाख 20 हजार तासांचा होतो, त्याची वर्षं होतात 82. माणसाचं अख्खं, भरपूर जगलेलं आयुष्य रोज तिथं चढतं. काल एक चढलं, आज दुसरं.

हे झालं चढण्याचं. पाहण्याचा आकडा याहून मोठा आहे. जगातले लोक मिळून यूट्यूबवर रोज 100 कोटी तास घालवतात, हे कंपनीनं फेब्रुवारी 2017 मध्येच जाहीर केलं होतं. 100 कोटी तासांची वर्षं करा. 1 लाख 14 हजार भरतात. एका दिवसात.

एवढी वर्षं डोळ्यांसमोर आणायला मला विदर्भातलीच दोन ठिकाणं आठवली. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर उल्का आदळून झालं, आणि तिथल्या वितळून पुन्हा थिजलेल्या खडकांच्या अभ्यासातून त्याचं वय सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं निघालं आहे. पाहणाऱ्यांचा रोजचा वेग 1 लाख 14 हजार वर्षांचा. पाच दिवसांत लोणार गाठलं. सोमवारी सकाळी सुरुवात केली तर शुक्रवारी रात्री उल्का पडलेली असते. दुसरं ठिकाण पिपरी मेघेच्या पायाखाली आहे. इथली काळी, कापसाची माती ज्या काळ्या खडकाची झाली, त्या खडकाचा लाव्हा साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिला. डायनासोर संपले तो हा काळ. रोज 1 लाख 14 हजार वर्षं या वेगानं तिथपर्यंत जायला 579 दिवस लागतात. एकोणीस महिने. गावात एका कापसाच्या हंगामात पेरलेलं बी निघून पुढच्या हंगामाचा कापूस घरात येईपर्यंत माणसांनी मिळून दख्खनच्या पठाराचं वय पाहून संपवलेलं असतं.

यातलं बरंचसं पाहणं आता लहान लहान तुकड्यांचं आहे. यूट्यूबच्या शॉर्ट्सना रोज सरासरी 20 हजार कोटी व्ह्यूज मिळतात, असं कंपनीच्या प्रमुखांनी जून 2025 मध्ये सांगितलं. पृथ्वीवर माणसं 820 कोटींच्या आसपास. तान्ही बाळं, डोळे गेलेले म्हातारे, ज्यांच्या घरी वीजही नाही ते, सगळे धरून माणशी रोज 24 शॉर्ट्स.

आणि ज्याला आपण 'पाठवणं' म्हणतो त्याचं काय? इन्स्टाग्राम, फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीनं 2024 च्या सुरुवातीला सांगितलं की लोक एकमेकांना दिवसाला 350 कोटी वेळा रील पाठवतात. सेकंदाला 40 हजार 500. 2011 च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या 13 लाख 774 होती. आर्वी, हिंगणघाट, देवळी, सेलू, कारंजा, आष्टी, समुद्रपूर आणि वर्धा, आठही तालुक्यांतल्या प्रत्येक माणसाला एकेक रील मिळायला 32 सेकंदं पुरतात. मावशीच्या शेळीला भाकर संपवायला याहून जास्त वेळ लागला.

या सगळ्याच्या तळाशी एक व्यवहाराचा आकडा आहे, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे 'ट्राय'च्या अहवालात तो आहे. 2014 मध्ये मोबाइलच्या एका जीबी डेटाला सरासरी 269 रुपये पडत होते. 2018 मध्ये 11 रुपये 78 पैसे. मधे 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं होतं. माझी शेळीची चित्रफीत 4 एमबीची आहे. 2014 च्या भावानं ती एकदा पाठवायला मला एक रुपया पाच पैसे लागले असते, आणि ज्यानं उघडली त्यालाही तेवढेच. 2018 च्या भावानं पाच पैशांपेक्षा कमी. हसायला रुपया पडत असेल तर माणूस विचार करतो. रिचार्ज जपून वापरावं लागे तेव्हा आम्ही चित्रफीत आली की आधी तिचा आकार पाहायचो, मग ती उघडायची की नाही ते ठरायचं. पाच पैशांना विचार कोण करतो? देशात 2014 च्या वर्षभरात 82 कोटी 80 लाख जीबी मोबाइल डेटा वापरला गेला. 2018 च्या वर्षात 4,640 कोटी जीबी. चार वर्षांत छप्पन पट. अशा वाढीला पूर म्हणावं लागतं, आणि त्या पुरात सगळ्यांत वर तरंगताना दिसल्या त्या गमतीच्या चित्रफिती.

गंमत चित्रित करण्याची हौस मात्र पुराच्या आधीची, फार आधीची आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसानं काढलेलं ते पहिलं चलच्चित्र समजलं जातं. त्यानंतर त्यांनी कॅमेरा कशावर रोखला? माकडांना खेळ शिकवणाऱ्या माणसावर. हे वाचलं तेव्हा मला विलक्षण आनंद झाला. चित्रण धुवायला विलायतेला पाठवावं लागण्याच्या त्या काळात, एकेक फूट फिल्म मोलाची असताना, एका मराठी माणसाला वाटलं की माकडाच्या माकडचेष्टा जपून ठेवण्याजोग्या आहेत. पुढं 1901 च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाचं त्यांचं स्वागतही सावेदादांनीच टिपलं. आधी माकड, मग गणितज्ञ. आज मी दोन्ही कामं एकाच कागदावर करतो आहे.

सावेदादांनंतर एकशे सहा वर्षांनी, 23 एप्रिल 2005 ला, यूट्यूबवर पहिली चित्रफीत चढली. यूट्यूबच्या तीन संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या सोंडा किती लांब आहेत ते सांगतो. 19 सेकंदं. पुन्हा जनावर! ती आजवर 35 कोटींहून जास्त वेळा पाहिली गेली आहे. 19 सेकंदांना 35 कोटींनी गुणलं तर 210 वर्षं होतात. 210 वर्षांपूर्वी पुण्यात पेशवाई होती.

आता शेळीकडं परत येतो, कारण खरं चक्रावून टाकणारं गणित पाठवण्याचंच आहे.

व्हॉट्सॲपवर एखादा मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येतो. समजा मी ती चित्रफीत पाच जणांना पाठवली, प्रत्येकानं नव्या पाच जणांना, त्यांनी आणखी नव्या पाचांना. पाच, पंचवीस, एकशे पंचवीस. चौथ्या पायरीला 625, सहाव्या पायरीला 15,625. आठव्या पायरीला 3,90,625, म्हणजे वर्धा शहर केव्हाच मागं पडलं. नवव्या पायरीला साडेएकोणीस लाख, जिल्हा संपला. बाराव्या पायरीला 24 कोटी 41 लाख, महाराष्ट्र संपला. तेराव्या पायरीपर्यंतचे सगळे मिळून 152 कोटी होतात, देश संपला. चौदाव्या पायरीवरचे एकटेच 610 कोटी भरतात, आणि पंधराव्या पायरीला पृथ्वीवर माणसंच उरत नाहीत. प्रत्येकानं पुढं पाठवायला एक तास लावला तर सकाळी सहाला पिपरी मेघेतून निघालेली शेळी त्याच रात्री नऊपर्यंत जगातल्या प्रत्येक माणसासमोर भाकर चावत उभी असेल.

असं घडत नाही हे आपण रोज पाहतो. का घडत नाही?

एक कारण घरातलंच आहे. माझ्या पाचांपैकी तिघं एकमेकांना ओळखतात. मामेभावाचे पाच आणि माझे पाच यांत मावसबहीण दोन्हीकडं येते. चित्रफीत नव्या माणसांकडं जाण्याऐवजी त्याच वाड्यात गोल गोल फिरते. आमच्या घरच्या ग्रुपवर तीच शेळी तीन दिवसांत दोनदा परत आली, तीही घरच्याच माणसांकडून. दुसरं कारण पाहणाऱ्यांच्या बोटांत आहे. बहुतेक लोक हसतात आणि थांबतात.

किती लोकांनी थांबायचं नाही, यावर सगळं ठरतं. पाहणाऱ्या शंभरांपैकी वीस जणांनी प्रत्येकी पाच नव्या लोकांना पाठवलं तर शंभरांचे बरोबर शंभर होतात, साखळी ना वाढते ना आटते. आता वीसच्या जागी एकोणीस करा. पहिल्या पायरीला हजार लोकांनी पाहिलं असेल तर पुढच्या पायरीला 950, मग 902, मग 857. आटत आटत साखळी मरते, आणि सगळे मिळून पाहणारे होतात 20 हजार. त्याच जागी एकवीस करा. हजाराचे 1,050, मग 1,102, मग 1,157. शंभराव्या पायरीला बेरीज 26 लाखांच्या पुढं गेलेली असते आणि अजून थांबलेली नसते. शंभरात एकोणीस आणि शंभरात एकवीस. दोन माणसांच्या अंगठ्यांचा फरक. एकीकडं वीस हजार, दुसरीकडं सव्वीस लाख. 'हे व्हायरल कसं झालं' असं कुणी विचारलं की मला आता ही दोन माणसं दिसतात. त्यांना आपण काय केलं ते कधीच कळत नाही.

पाचाची मर्यादा आली कुठून, तेही सांगायला हवं, कारण ते आपल्याच राज्यातलं दुःख आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, मुलं पळवणारी टोळी आली आहे या अफवेवरून, पोट भरायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. देशभर त्या उन्हाळ्यात अशा अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची जाहिरात होती. मोटारसायकलवरचे दोघं मुलाला उचलतात, आणि शेवटी त्याला परत आणून सोडतात व पालकांना सावध करतात. कुणीतरी तो शेवट कापून टाकला. शेवटची काही सेकंदं गेली आणि उपदेशाचं रूपांतर भीतीत झालं. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात पाचाची मर्यादा आणली, जानेवारी 2019 मध्ये ती साऱ्या जगाला लागू केली. एप्रिल 2020 मध्ये, फार वेळा पुढं गेलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि अशा मजकुराची ये-जा 70 टक्क्यांनी कमी झाल्याचं कंपनीनं सांगितलं. पाचाचा एक केला की काय होतं, ते वरच्या हिशेबात दिसतंच. हसू आणि अफवा एकाच नळातून वाहतात. म्हणून मी चित्रफीत पुढं पाठवताना शेवटपर्यंत पाहतो, शेवट आहे ना ते तपासतो.

मोठ्या आकड्यांकडं एकदा वळून मग त्यांना सोडतो. दक्षिण कोरियाच्या साय या गायकाचं 'गंगनम स्टाइल' हे गमतीचं गाणं जुलै 2012 मध्ये आलं आणि त्याच वर्षी 21 डिसेंबरला 100 कोटी व्ह्यूजचा टप्पा ओलांडणारी ती पहिली चित्रफीत ठरली. दोन वर्षांनी एक निराळीच अडचण उभी राहिली. यूट्यूबचं व्ह्यूज मोजणारं यंत्र 214 कोटी 74 लाख 83 हजार 647 पर्यंतच मोजू शकत होतं. कुणी एखादी गोष्ट त्याहून जास्त वेळा पाहील, असं ते बांधणाऱ्यांना वाटलं नव्हतं. घोड्यावर बसल्यासारखा नाचणारा एक गुबगुबीत माणूस त्या आकड्याजवळ पोचला आणि त्यांना मोजणीची चौकट मोठी करावी लागली. नवी मर्यादा अशी आहे: 92,23,37,20,36,85,47,75,807.

हा आकडा मला वाचता येईना. अरब, खरब करत गेलो आणि अडकलो. मग भास्कराचार्यांची आठवण झाली. 1150 च्या सुमाराच्या 'लीलावती'त त्यांनी दहादहा पटींची नावं क्रमानं दिली आहेत: कोटीपुढं अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधी, अंत्य, मध्य, आणि सगळ्यांत शेवटी परार्ध. एकावर सतरा शून्यं. यूट्यूबची नवी मर्यादा त्या मापानं होते 92 परार्ध आणि वर थोडी. साडेआठशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी आपल्या खानदेशाशी नातं सांगणाऱ्या गणितज्ञानं जिथं नावं थांबवली, तिथली नावं आता एका गाण्याच्या व्ह्यूजसाठी लागतात. ती मर्यादा भरेल कधी? जगातले रोजचे 20 हजार कोटी शॉर्ट्स व्ह्यूज सगळेच्या सगळे एकाच चित्रफितीला दिले, तरी 1 लाख 26 हजार वर्षं लागतील.

परार्ध सोडा, आपण कोटीवर येऊ. 'एक कोटी व्ह्यूज' हे शब्द आता इतके सहज कानावर पडतात की त्यांचं वजन गेलं आहे. ते मला एका नटामुळं परत मिळालं. प्रशांत दामले यांनी 6 नोव्हेंबर 2022 ला मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात आपला 12,500 वा प्रयोग केला. प्रत्येक प्रयोगाला 800 प्रेक्षक धरू. 12,500 गुणिले 800, बरोबर एक कोटी. जवळपास चार दशकं रोज तोंडाला रंग लावून, रात्रीच्या गाड्यांनी गावोगाव फिरून, आजारपणात उभं राहून एक माणूस जेवढ्या लोकांना हसवू शकतो, तो एक कोटीचा आकडा आहे. 2011 च्या जनगणनेत मातृभाषा मराठी सांगणारे 8 कोटी 30 लाख होते. मराठी चित्रफितीला कोटी व्ह्यूज मिळाले आणि एकेकानं एकदाच पाहिली असं धरलं, तर आठांतल्या एका मराठी माणसानं ती पाहिली.

मराठीत हे घडू लागलं ते गेल्या दहाएक वर्षांत. सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी 2016 मध्ये 'भाडिपा' हे यूट्यूब चॅनल सुरू केलं. त्यांच्या 'आई आणि मी'मध्ये रेणुका दफ्तरदार आणि आलोक राजवाडे यांची आई-मुलाची जोडी पाहून घराघरांत लोकांनी ती आपापल्या आईला पाठवली. 2017 मध्ये 'सोनू'चं गाणं गावागावांत नव्या शब्दांत म्हटलं गेलं. आणि वर्ध्यानं काय दिलं? वर्ध्यानं आपली बोली दिली.

इथं स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेणारे नितेश कराळे 2020 च्या टाळेबंदीत वर्ग बंद पडल्यावर कॅमेऱ्यासमोर शिकवायला लागले. इतिहास, भूगोल, राज्यघटना, सगळं वऱ्हाडीत. वर्गात शिकवायचे तसंच, त्याच ठसक्यात. बघता बघता 'कराळे मास्तर' आणि त्यांची 'खदखद' पुण्या-मुंबईपर्यंत पोचली, आणि त्याच वर्षअखेरीस त्यांनी नागपूर पदवीधर मतदारसंघाची निवडणूकही लढवली. त्यांच्या राजकारणाबद्दल ज्याचं त्याचं मत असो. माझ्यासाठी यातली मोठी गोष्ट निराळी आहे. आम्ही शाळेत 'मले' म्हटलं की छडी खायचो. मुलाखतीला पुण्यात गेलो की तोंडातून 'काहून' निघू नये म्हणून जीभ दाबून बोलायचो. सिनेमात वऱ्हाडी बोलणारा माणूस यायचा तो गडी म्हणून, नाहीतर येडा म्हणून. तीच बोली शिक्षकाच्या खुर्चीवर बसली आणि ज्या पुण्यात आम्ही जीभ दाबली, तिथली मुलं ती ऐकून हसली आणि त्या हसण्यातून राज्यघटना शिकली. हे हसू आमच्यावरचं नव्हतं, आमच्याबरोबरचं होतं. ते किती कोटींना मोजायचं, मला सांगता येत नाही.

आता ज्यानं मला सगळ्यांत जास्त थक्क केलं तो आकडा. तो मोठा नाही.

एप्रिल 2025 मध्ये यूट्यूबला वीस वर्षं झाली तेव्हा कंपनीनं सांगितलं, आजवर 2,000 कोटींहून जास्त चित्रफिती चढल्या आहेत, रोज सरासरी 2 कोटी चढतात. या ढिगाऱ्यात बहुतेकांचं काय होतं, हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी शोधलं. त्यांनी यूट्यूबचे पत्ते आंधळेपणानं, योगायोगावर सोडून तयार केले आणि जो पत्ता खरा निघेल तिथली चित्रफीत घेतली. धान्याच्या पोत्यात बंबी खुपसून मूठभर दाणे काढावेत तसं. त्या दाण्यांत, सगळ्या चित्रफिती व्ह्यूजच्या क्रमानं ओळीत लावल्या, तर मधोमध येणारीचे व्ह्यूज होते 41. निम्म्या त्याहून खाली. शंभरांतल्या चार अशा, की ज्या आजवर एकदाही कुणी पाहिल्या नाहीत. चारांतल्या तिघींवर कुणी एक शब्द लिहिलेला नाही.

एक्केचाळीस. एक कोटी समजायला मला दामल्यांची चार दशकं लागली, एक्केचाळीस समजायला काहीच लागलं नाही. लग्नातली एक पंगत. एसटीचं एक भरलेलं गाडं. आमचा घरचा ग्रुप 38 जणांचा आहे, त्यात शेजारची शेळीवाली, तिचा मुलगा आणि त्याची बायको मिळवली की 41. यूट्यूब हे कोट्यवधींचं मैदान आहे, असं मी आजवर समजत होतो. ते कोट्यवधी ओट्यांचं गाव निघालं. बाळाचं पहिलं पाऊल, शाळेच्या गॅदरिंगमधलं विसरलेलं भाषण, म्हाताऱ्याचा नातवाबरोबरचा नाच, प्रत्येकाभोवती तीसचाळीस ओळखीची माणसं बसलेली.

हसण्यावर आयुष्यभर संशोधन करणारे रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळलं होतं की एकटा असताना माणूस जितका हसतो, त्याच्या तीस पट तो चार माणसांत हसतो. मी हे घरात ताडून पाहिलं. एकट्यानं मोबाइलवर गंमत पाहताना माझ्या नाकातून फक्त थोडा श्वास सुटतो. तीच मी मावशीला दाखवली की आम्ही दोघंही पोट धरतो. पाठवण्यामागं हेच असावं. हसू एकट्याला पुरत नाही, म्हणून अंगठा 'फॉरवर्ड'कडं जातो. सेकंदाला 40 हजार 500 अंगठे, आणि प्रत्येकाच्या मनात एखादंच माणूस: 'हे ताईला दाखवायला पाहिजे.'

शेळीचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. अकराव्या दिवशी ती माझ्याकडं परत आली, मावशीच्या भिशीच्या ग्रुपवरून. कुणीतरी उतरवून घेऊन पुन्हा चढवलेली, त्यामुळं चित्र धूसर झालेलं. सुरुवातीची चार सेकंदं कापलेली, मागं कुठलंसं संगीत घातलेलं, मावशीचा आवाज पार बुडालेला. खाली लिहिलं होतं, 'सातारा जिल्ह्यातील घटना.' मी मावशीला काही न बोलता मोबाइल दिला. तिनं तो लांब धरला, जवळ धरला, चष्मा वर-खाली केला. स्वतःला तिनं ओळखलं नाही, कारण चेहरा चौकटीच्या बाहेर गेला होता. मग एकदम तिनं काचेवर बोट ठेवलं.

"हे ताट पाह्य. हा पोचा. तुया मोठ्या बाबाच्या हातून पडलं होतं ते, आंब्याच्या दिवसात. हे आपलं ताट होय!"

मी म्हटलं, हो, आपलीच चित्रफीत आहे, फिरून आली.

"मंग सातारा काहून लिवलं थे?" ती उठूनच बसली. "लिही त्याईले. पिपरीची हाय म्हणा शेळी. अन् माया आवाज कुठी गेला, थेही पूस."